फिलर घेण्याआधी हे विचाराच

'पेशंटची स्किनच सेन्सिटिव्ह होती', असं मला फिलर देणारं क्लिनिक आजही सांगतं, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या त्वचेला काही झालेलं नव्हतं. नाकाच्या कडेच्या रेषेत भरलेलं फिलर रक्तवाहिनीत शिरलं होतं.

सुई आत असतानाच नाकपुडीपासून ओठापर्यंतची त्वचा पांढरीफटक पडली. कळ सहन होईना. मी सांगत होते, तरी डॉक्टरांचं एकच, "मॅडम, नॉर्मल आहे, बर्फ लावा." संध्याकाळी गालावर जांभळी जाळी उमटली. फोन केला, तर डॉक्टर 'प्रोसीजरमध्ये'. फोटो पाठवला, त्यावर नुसता अंगठा आला. माझं मांस मरत होतं आणि यांना दोन शब्द लिहायला वेळ नव्हता!

रात्री दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी गालावर बोट दाबून सोडलं. दोन-तीन सेकंदांत परतायला हवा तो रंग परतलाच नाही. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की दुपारीही हे कुणालाही कळलं असतं. त्यांनी लगेच फिलर विरघळवणाऱ्या हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं सुरू केली. गाल वाचला, नाकपुडीजवळचा व्रण राहिला.

गाल बसलेत म्हणून फिलर घ्यावंसं वाटण्यात काही गैर नाही. पण ते हायल्युरोनिक अॅसिडचंच घ्या, कारण हायल्युरोनिडेज फक्त तेच विरघळवतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअॅपेटाइटच्या फिलरवर त्याचा उपयोग नाही. हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, ते विचारा आणि कुपी डोळ्यांनी बघा. 'मागवून घेऊ' म्हणाले तर उठा. पार्लरमध्ये तर नकोच. बिनसुईच्या पेनने फिलर देणाऱ्यांकडेही फिरकू नका. अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला आहे. डॉक्टरांची पदवी, नोंदणी तपासा. घाई करू नका.

त्वचा पांढरी पडली, जाळी दिसली, कळ वाढत गेली, तर बर्फ मुळीच नाही. त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. त्याच तासाला डॉक्टर गाठा. दृष्टी अंधूक झाली, तर थेट नेत्रविभाग असलेलं मोठं रुग्णालय.

आणि सिरिंजच्या खोक्यातला बॅच नंबरचा स्टिकर त्याच दिवशी मागून घ्या. मी नंतर फाइल मागितली, तेव्हा त्यात माझी सही असलेला संमतीचा कागद नीट जपून ठेवलेला होता. स्टिकर मात्र कुठेच नव्हता.