सहा जणांची जिप्सी

वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलात मित्रांसोबत जायचं तर पहिली यादी माणसांची करा, सामानाची नंतर. एका जिप्सीत मोठी माणसं सहा, शिवाय गाइड आणि ड्रायव्हर. म्हणजे सहाच निवडायचे आहेत. कॉलेजच्या ग्रुपवर विचाराल तर चौदा जण हात वर करतील आणि त्यातले नऊ लग्नाच्या वरातीत शोभणारे निघतील. माझी कसोटी साधी आहे. पानठेल्यावर पंधरा मिनिटं तोंड न उघडता उभा राहू शकतो तो जंगलात चालतो. असे सहा मिळाले नाहीत तर चारच जा. रिकाम्या जागेचे पैसे अंगावर पडले तरी बडबड्यापेक्षा ती स्वस्त.

यादीतल्या काहींच्या मनात रात्री 'बसायचा' बेत असतो. त्यांना आधीच सांगून टाका, वर्धा हा गांधींचा जिल्हा, इथे दारूबंदी आहे. बसायचं ते जिप्सीतच.

मग कुठे जातोय ते सगळ्यांना नीट सांगा. टीव्हीवर पाहिलेलं बारमाही ओलं, वेलींनी गच्च झालेलं जंगल डोक्यात असलेला माणूस मार्चमध्ये बोरला आला की विचारतो, "जंगल कुठंय बे?" हे पानझडीचं रान आहे. साग, ऐन, तेंदू, मोह, पळस, मध्येच बांबूची बेटं. उन्हाळ्यात सागाखाली एखादा रानकोंबडा चालला तरी माणूस चालल्यासारखी पानं वाजतात. १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. राज्यातला हा सहावा आणि देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी एक. गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. ताडोब्याचा गाभा सव्वासहाशेच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. लहान असण्याचा फायदा म्हणजे गर्दी कमी. तोटा शेवटी सांगतो.

महिना ठरवताना भांडणं होतात. वाघ हवा असलेल्यांनी एप्रिल-मे धरावा. पानं गळलेली, नजर लांब जाते आणि पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, म्हणून जनावर तिथे येतंच. पण ऊन पंचेचाळीसच्या घरात आणि जिप्सीला छप्पर नसतं. नुसतं जंगल हवं असेल तर डिसेंबर-जानेवारी. मला स्वतःला मार्चचा शेवट आवडतो. मोह गळतो, पहाटे सगळ्या रानाला तो गोडूस, थोडा आंबूस वास असतो आणि त्या फुलांसाठी अस्वल येतं. पावसाळ्यात गाभा बंद असतो. आठवड्यातही एक दिवस सुट्टी असते, ती बुकिंग करतानाच बघा.

बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावर. एकानेच करायचं, पैसे आधी गोळा करायचे. ज्या ओळखपत्राचा नंबर भराल तेच मूळ कार्ड सोबत हवं. गेटवर "फोटो आहे ना मोबाइलमध्ये" चालेलच असं नाही. उन्हाळ्यात दुपारची फेरी घ्या, जनावर पाण्यावर उतरतं. थंडीत सकाळची. जमलं तर दोन्ही घ्या आणि रात्री बोर धरणाजवळ मुक्काम करा.

रस्ता सोपा आहे. वर्ध्याहून सेलू, सेलूहून हिंगणी, पुढे बोरधरण. पोटभर खाऊन निघा, कारण आत काही खायचं नाही. दुपारी जाणार असाल तर वर्ध्यात सांबारवडी खा. इतर महाराष्ट्रातले मित्र इथे हमखास गोंधळतात. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि जे बघायला चाललोय ते सांबर. परतीसाठी गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या खास बिस्किटांचा, एक डबा गाडीत ठेवा. गाडीत म्हणजे आपल्या गाडीत, जिप्सीत नाही.

कपडे मळकट रंगाचे. दुपट्टा प्रत्येकाला, थंडीत कानांसाठी आणि उन्हाळ्यात धुळीसाठी. आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. तो ठेवा न ठेवा, पाण्याची बाटली मात्र भरलेली हवी, आणि ती रिकामी झाली तरी परत आणायची. अत्तर नको. थंडीत सकाळच्या उघड्या जिप्सीत स्वेटरवर जॅकेट लागतंच, मग कोणी कितीही शूर असो.

बसायच्या जागा गेटवर नाही, आदल्या रात्री ठरवा. मागची रांग उंच असते. तिथून दिसतं जास्त, पण धक्के आणि धूळही तिथेच. कंबरदुखीवाला पुढे. मोठा कॅमेरावाला कडेला, आणि त्याच्या शेजारी सहनशील माणूस. मोबाइल बंद करून बॅगेत टाका.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास झाडांकडे नाही, रस्त्याकडे बघा. वाघ रात्री धुळीच्या मऊ वाटेवरून चालतो. गाइड दारातून वाकून बघत असतो, तो काय बघतो ते शिकून घ्या. काल संध्याकाळच्या गाडीच्या चाकोरीवर ठसा उमटला असेल तर वाघ रात्री गेलाय. ठशावरून चाकोरी गेली असेल तर तो त्याआधीचा. कडा धारदार असतील तर ताजा, वाऱ्याने कण आत ढासळले असतील तर जुना. नराचा ठसा चौकोनी वाटतो, मादीचा जरा लांबट. एवढं कळलं तरी पैसे वसूल.

मग कान. गाइड हात वर करेल, ड्रायव्हर इंजिन बंद करेल, आणि इथे सहा जणांची खरी परीक्षा सुरू होते. चितळ कशालाही घाबरून ओरडतं, रानकुत्र्यालाही. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखं ओरडलं तर त्याला काहीतरी दिसलेलं असतं. ते कुठे बघतंय तिकडे बघा. आणि सांबर. ते शेपूट ताठ करून, पुढचा पाय आपटत 'ढांक' करतं. सांबर सहसा उगाच बोलत नाही. तो आवाज आला की वीस मिनिटं हलायचं नाही. मानसुद्धा हळू वळवायची.

एकदा आम्ही बांबूच्या नाल्याजवळ असे थांबलो होतो. सांबर तीनदा बोललं, दर वेळी थोडं जवळून. चौथ्या वेळी बोलेल म्हणून सगळे श्वास धरून होतो, तेवढ्यात मागच्या रांगेत चिवड्याचं पाकीट फुटलं. कर्रर्र. दोन वाटाणे पत्र्यावर टणटणत गेले. त्यानंतर नाल्यात काहीच झालं नाही. गाइड एक शब्द बोलला नाही, फक्त घड्याळात बघितलं. तेव्हापासून गेटवर मी सगळ्यांचे खिसे रिकामे करवतो. लोक हसतात, हसू देत.

वाघ दिसलाच तर "अरे अरे" म्हणायचं नाही. शेजाऱ्याच्या गुडघ्यावर बोट टेकवा, खूण तीच. उभं राहायचं नाही, आणि ड्रायव्हरला "पुढे घे ना भाऊ" तर मुळीच म्हणायचं नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. मागणी करणारा पर्यटक असतो, शिक्षा ड्रायव्हर-गाइडला होते. वाटेत वाघ आला तर गाडी मागे घ्यायला सांगा, तो ओलांडून जाईपर्यंत थांबा, आणि निघा.

बहुतेक वेळा तो दिसत नाही. बोरमध्ये तर हे धरूनच चला. बाहेर आल्यावर गाइडला वाघावरून टिप मोजू नका. ठसे दाखवले, कॉल ऐकवले, ते काम त्याने केलेलं असतं.

आता लहान गाभ्याचा तोटा. इथला वाघ एवढ्यात मावत नाही, तो शेतांतून, रस्त्यांवरून बाहेर पडतो. बोरचा 'बाजीराव' डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत मेला. म्हणून दुपारची फेरी करून अंधारात परतत असाल तर सफरीची शेवटची पायरी स्टिअरिंगवर आहे. धरणापासून हिंगणी ओलांडेपर्यंत चाळीसच्या वर काटा नको. गाणी बंद, काचा खाली. दिव्यात हिरवट डोळे चमकले की दिवे खाली करा, थांबा, खाली उतरू नका. आणि त्या एकामागून दुसरं जनावर येतं, रोही असो की रानडुक्कर, तेही जाऊ द्या.

सेलूला चहाची टपरी उघडी असते. तिथे गोरसपाकाचा डबा उघडा आणि साडेतीन तासांचं तुंबलेलं सगळं एकदम बोलून टाका. चिवड्यावाल्याला बोलायची पहिली पाळी द्या.