वेदनारहित रक्तमूत्रता : शस्त्रकर्माची वेळ दवडू नये

गिरणाकाठच्या भडगाव परिसरात ग्रीष्मात मूत्रदाह झाला की रुग्ण ‘उन्हाळे लागले’ म्हणतो आणि धणे-जिऱ्याचे पाणी पितो. परंतु वेदनेवाचून मूत्रातून रक्त गेले, तर ते उन्हाळे समजू नये. अशा एका विडी ओढणाऱ्या शेतकऱ्यास अश्मरी समजून आम्ही चंद्रप्रभा वटी व गोक्षुरादि गुग्गुळ दिला. रक्त थांबले, आम्ही निश्चिंत झालो. तीन महिन्यांनी दुर्बीण तपासणीत मूत्राशयात अर्बुद आढळले. रक्त मधूनमधून आपोआप थांबणे हा या व्याधीचा स्वभावच आहे, याचे आम्हांस विस्मरण झाले होते.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या 58व्या अध्यायात मूत्राघाताचे 12 प्रकार सांगितले आहेत. त्यांतील अष्ठीला पौरुषग्रंथीच्या वृद्धीशी जुळते. साध्या वृद्धीत औषधांनी भागले नाही, तर ग्रंथीचा अडथळा करणारा भाग मूत्रमार्गातून दुर्बिणीने काढतात. कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित असल्यास संपूर्ण ग्रंथी काढणे किंवा किरणोपचार हे पर्याय असतात. सौम्य प्रकारात नियमित निरीक्षणही चालते.

मूत्राशयातील अर्बुदही प्रथम मूत्रमार्गातूनच काढून तपासतात. ते वरच्या थरांत असून पुनरुद्भवाचा धोका अधिक असल्यास मूत्राशयात बीसीजी सोडतात. ही चिकित्सा मोरालेस यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केली. अर्बुद स्नायूत शिरल्यास मात्र बहुधा मूत्राशयच काढावा लागतो. विलंबाचे मोल हे असे आहे.

म्हणून वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनी अशा रुग्णास केवळ पुडी देऊन परत पाठवू नये. मूत्रपरीक्षा व सोनोग्राफी करावी. सोनोग्राफी निर्दोष आली तरी मूत्ररोग शल्यचिकित्सकाकडे धाडावे. शस्त्रकर्मानंतर धूम्रपानत्याग, पथ्य व ठरलेल्या दुर्बीण तपासण्या यांचा पाठपुरावा हे आपले कर्तव्य होय.