एडिटिंग कॉलेजात शिका, हिशोब पहिल्या दिवसापासून!

"सर, एडिटिंगचा कोर्स करू की थेट धंदा सुरू करू?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात.

आधी कॉलेजचं बघू. पुण्याची एफटीआयआय १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. रेणू सलुजा तिथेच शिकल्या आणि पुढे एडिटिंगचे ४ राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. अशा शिक्षणात खरी किंमत सॉफ्टवेअरला नसते. ते डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनवर घरीही जमतं. कुठला शॉट ठेवायचा, कुठे कापायचा, ही नजर मात्र कुणीतरी चुका दाखवल्याशिवाय तयार होत नाही. फी भरायची ती त्यासाठी.

पण दर लावायला तुमचं तुम्हीच शिकायचंय. समजा, लग्नाचं ८ तासांचं फुटेज आलं आणि पार्टीला २० मिनिटांची फिल्म हवीय. २० मिनिटांवर दर सांगितलात की फसलात! नुसतं फुटेज बघायलाच ८ तास जाणार. म्हणून दर फुटेजच्या तासांवर ठरवा. निम्मे पैसे आधी, बदल फक्त २ वेळा, हे लेखी घ्या. फुटेजच्या ३ कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी. हार्ड डिस्क गेली तर लग्न परत लागत नाही!

आजचा गृहपाठ: कॉलेजच्या पुढच्या प्रोजेक्टला किती तास लागले, ते रोज वहीत लिहा. तुमचं पहिलं दरपत्रक त्याच वहीतून निघेल.