माझी स्कूटर आणि चौथीचा गणिताचा तास



आजचा पाठ पुस्तकातला नाही. तो शाळेच्या गेटजवळ, माझ्या स्कूटरभोवती सुरू झाला. सुरुवात माझ्या फजितीने झाली, तेव्हा तीच आधी सांगते.

मी पुण्यात चौथीचा वर्ग शिकवते. घर धायरीकडे, शाळा स्वारगेटच्या पुढे. जाण्याचं अंतर १० किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी मी टीव्हीएसची एनटॉर्क १२५ घेतली. दिसायला स्पोर्टी, पिकअप चांगला, गर्दीतून काढायला सोपी. खरं सांगायचं तर घेताना मी डिकी किती मोठी आहे हे नंतर पाहिलं, रंग आधी पाहिला.

एकदा मधल्या सुट्टीत डिकीतून वह्या काढत होते. चावी फिरवलेली होती, त्यामुळे मीटर चालू. या गाडीच्या मीटरमध्ये आपण गाठलेला सर्वांत जास्त वेग नोंदला जातो. पोरांनी बटणं दाबून तो आकडा शोधून काढला. एक जण ओरडला, "मॅडम, ७२! तुम्ही ७२ नं गेलात?"

मी म्हटलं, "अरे, रस्ता मोकळा असेल तेव्हा."

त्यावर तो शेजारच्या मुलाला म्हणाला, "माझे पप्पा ६० नंच जातात. आपल्या मॅडम भारी आहेत."

मुलं रागावली असती तर चाललं असतं. पण त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. त्याच आठवड्यात मी परिपाठात रस्ता सुरक्षेवर दहा मिनिटं बोलले होते. त्यातलं त्याला काही आठवत असेल असं वाटत नाही. ७२ मात्र तो विसरणार नव्हता. तेव्हा ठरवलं, या ७२ चाच पाठ करायचा.

उपक्रम १ : गाडी थांबते कुठे?

दुसऱ्या दिवशी मुलांना मैदानावर नेलं. सोबत मीटर टेप, फक्की आणि शिट्टी. विचारलं, "समोर मांजर आलं. मी ब्रेक दाबला. गाडी कुठे थांबेल?" बहुतेकांचं उत्तर, "तिथंच!"

इथेच शिकवायला जागा आहे. गाडी थांबण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे मांजर दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ. तो साधारण एक सेकंद धरू. त्या सेकंदात गाडी आहे त्याच वेगाने पळत असते. दुसरा भाग, ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंतचं अंतर.

शिक्षकांसाठी हिशेब असा. कोरडा रस्ता, टायर बरे, आणि ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असं धरलं, तर :

- ताशी १८ किमी : विचारात ५ मीटर, ब्रेकमध्ये अडीच मीटर. एकूण साडेसात मीटर.
- ताशी ३६ किमी : विचारात १० मीटर, ब्रेकमध्ये १० मीटर. एकूण २० मीटर.
- ताशी ५४ किमी : विचारात १५ मीटर, ब्रेकमध्ये साडेबावीस मीटर. एकूण साडेसदतीस मीटर.
- ताशी ७२ किमी : विचारात २० मीटर, ब्रेकमध्ये ४० मीटर. एकूण ६० मीटर.

चौथीला सूत्र देऊ नका. फक्त अंतरं द्या आणि फक्कीने रेघा मारायला लावा. आम्ही मैदानाच्या एका टोकाला मांजर म्हणून दप्तर ठेवलं आणि तिथून मोजत गेलो. १८ ची रेघ जवळच आली. ३६ ची आली. ५४ ची रेघ मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे गेली. ७२ साठी टेप धरून दोघं पळाले आणि भिंतीपाशी थांबले. आमचं मैदान ४५ मीटरचं आहे.

"मॅडम, रेघ बाहेर रस्त्यावर जातेय!"

मग मी काही बोललेच नाही. ज्याने मला भारी म्हटलं होतं तो भिंतीकडे बघत होता.

इथे मोठ्या मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. ३६ चे ७२ झाले म्हणजे वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचं अंतर १० वरून ४० वर गेलं, म्हणजे चौपट. सातवी-आठवीला वर्गसंख्या शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि हे सगळं कोरड्या रस्त्यावर. पावसाळ्यात, वाळूवर किंवा ड्रेनेजच्या लोखंडी झाकणावर हे अंतर वाढतं.

उपक्रम २ : घाई करून किती मिनिटं वाचतात?

आपण सगळे म्हणतो, उशीर झाला म्हणून जोरात गेलो. मग मी दोन आठवडे नोंद ठेवली. पहिल्या आठवड्यात नेहमीसारखी, जागा मिळेल तिथे गाडी पळवत गेले. लागलेली मिनिटं : २७, २९, २६, ३०, २८. दुसऱ्या आठवड्यात ठरवून शांतपणे चालवली, कुठेही ५० च्या वर गेले नाही. मिनिटं : ३०, २९, ३२, ३१, २८.

मुलांनी बेरजा केल्या. पहिली १४०, दुसरी १५०. पाचाने भागलं. सरासरी २८ आणि ३०. म्हणजे रोज फक्त दोन मिनिटांचा फरक!

असं का, हे मुलांनीच सांगितलं. "मॅडम, सिग्नलला सगळे परत एकत्रच येतात ना." बरोबर आहे. सिंहगड रस्त्यावर कितीही पुढे काढा, राजाराम पुलाच्या चौकात नाहीतर दांडेकर पुलाला मघाचा तोच रिक्षावाला शेजारी उभा असतो. शहरात आपला वेळ सिग्नल आणि गर्दी ठरवते. स्कूटरचा पिकअप त्यात फार काही बदलत नाही. त्या दोन मिनिटांसाठी मी ६० मीटरची रेघ विकत घेत होते.

उपक्रम ३ : महिन्याचा खर्च

हा उपक्रम पालकांनी घरी करावा. माझी गाडी शहरात लिटरला साधारण ४० किमी ॲव्हरेज देते. रोज जाऊन-येऊन २० किमी, महिन्यात २४ दिवस, म्हणजे ४८० किमी. ४८० भागिले ४० बरोबर १२ लिटर. पेट्रोल हिशेबाला सोपं पडावं म्हणून १०० रुपये लिटर धरलं, तर १,२०० रुपये. यात सर्व्हिसिंग, टायर, विमा, पीयूसी धरलेलं नाही. ते मुलांना वेगळं लिहायला लावा. गाडी घेताना पैसे एकदाच लागतात, असा मुलांचा (आणि काही मोठ्यांचाही) समज असतो. तो या तक्त्याने जातो.

सारखी पिळून चालवली आणि सारखे ब्रेक मारले की ॲव्हरेज पडतं. टायरमध्ये हवा कमी असली तरी पडतं. स्कूटरची चाकं बाइकपेक्षा लहान असतात, त्यामुळे खड्ड्यात जास्त आपटतात. म्हणून दर आठवड्याला हवा बघावी, आणि टायर गुळगुळीत होण्याची वाट पाहू नये.

थोडी माहिती : गिअर गेले कुठे?

माझ्या वडिलांकडे बजाज चेतक होती. चेतक १९७२ मध्ये आली आणि तिने पुण्याचं नाव देशभर नेलं. तिचे गिअर डाव्या मुठीत होते. क्लच दाबून मूठ फिरवायची, मग गाडी पुढे. सकाळी सुरू झाली नाही की वडील तिला एका बाजूला तिरपी करायचे, हे दृश्य माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल.

आताच्या स्कूटरमध्ये गिअर बदलावे लागत नाहीत. आत दोन पुली आणि एक पट्टा असतो. इंजिनाकडच्या पुलीत छोटे रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि पट्टा वर सरकतो. म्हणजे गिअर आपोआप बदलत राहतो. मुलांना हे समजवायला दोरीला खोडरबर बांधून गरगर फिरवा. खोडरबर बाहेर ओढ घेतं ते हाताला जाणवतं. क्लचही याच तत्त्वावर चालतो. इंजिनाचा वेग वाढला की तो आपोआप पकडतो.

पालकांनो, इथे नीट लक्ष द्या. चेतक चालायला क्लच, गिअर, मूठ अशा तीन गोष्टी जमाव्या लागत. आताची स्कूटर फक्त मूठ पिळली की सुटते. इंजिन चालू ठेवून, मुलाला पुढे फुटबोर्डवर उभं करून आपण गेटपाशी गप्पा मारतो. मुलाने गंमत म्हणून मूठ पिळली तर? आमच्या गेटवर हे घडलं. गाडी सरळ गेटवर गेली. नशिबाने मुलाला गुडघ्याला खरचटण्यावर भागलं. त्याची आई थरथरत होती. चूक तिच्या एकटीची नव्हती. आम्ही सगळेच रोज तसंच उभे असायचो. तेव्हापासून आमचा नियम : गेटपाशी आलात की आधी चावी बंद, मग बोलणं.

कायदा काय सांगतो?

- १२५ सीसी स्कूटरच्या परवान्यासाठी वय १८ पूर्ण हवं. १६ व्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीसाठी असतो.
- अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली.
- चालकाच्या मागे एकच माणूस बसू शकतो.
- चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट हवं. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना कायद्याने सूट आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केला : मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस हवा आणि वेग ४० च्या आत हवा. नऊ महिन्यांवरील बाळाला हेल्मेटही हवं.

हेल्मेट आयएसआय खुणेचं आणि मुलाच्या डोक्याच्या मापाचं घ्या. मोठ्यांचं सैल हेल्मेट मुलाला घातलं तर पडताना तेच आधी निसटतं.

पालकसभेत काय झालं?

मी आधी माझ्या ७२ चीच गोष्ट सांगितली. लोक हसले. मग फक्कीच्या रेघांचे फोटो दाखवले, तेव्हा शांत झाले. एक वडील म्हणाले, "मॅडम, हेल्मेट आम्ही घालतो, पण पोराचं हेल्मेट म्हणजे वर्षाला नवीन, डोकं वाढतंय ना." प्रश्न खरा आहे, घरात दोन मुलं असतील तर जास्तच. त्यावर एका आईने सुचवलं, मोठ्याचं लहान झालेलं, पण न आपटलेलं हेल्मेट शाळेत जमा करू, ज्याला बसेल त्याने न्यावं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट मात्र पुन्हा वापरायचं नाही, हे आम्ही ठळक लिहून ठेवलं. आज आमच्या कपाटात सहा हेल्मेट आहेत. वर्गात ३८ मुलं आहेत, म्हणजे अजून बरंच बाकी आहे.

आणि माझ्या मीटरवरचा ७२ मी पुसून टाकला. आता मुलं दर सोमवारी चावी मागतात आणि आकडा बघतात. गेल्या सोमवारी ४९ होता. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, मैदानात बसतंय." माझ्या नोकरीतल्या कुठल्याच तपासणीला मी एवढी घाबरले नव्हते.

घरी करून पाहा

१. घर ते शाळा अंतर किती? पाच दिवस लागलेली मिनिटं लिहून सरासरी काढा.
२. तुमच्या गाडीचं ॲव्हरेज विचारून महिन्याचं पेट्रोल काढा.
३. ३६ ची २० मीटरची रेघ सोसायटीत किंवा अंगणात आखा. त्या जागेत रोज कोण कोण खेळतं, त्यांची यादी करा.
४. घरातल्या हेल्मेटवर आयएसआय खूण आहे का ते पाहा.
५. आई-बाबांच्या मागे बसल्यावर मीटरवरचा काटा किंवा आकडा बघा आणि आठवड्यातला सर्वांत मोठा वहीत लिहा. बाबा रागावले तर मॅडमनी सांगितलंय म्हणावं.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, हा उपक्रम तुमच्या शाळेत घेतलात तर मैदान किती मीटरचं निघालं ते नक्की कळवा.