लिंब कोणता, बकाण कोणता?

लिंबाचे झाड कुणाला माहीत नाही? आपल्या मुरुमात जिथं तिथं लिंब आहे. कन्नड बोलणारी माणसे त्याला बेवू म्हणतात. पाडव्याला आपण त्याचा कोवळा पाला गुळासंगं खातो. पण लिंबासारखेच दिसणारे दुसरे एक झाड असते. त्याला बकाण निंब म्हणतात. लांबून बघून मोठी माणसेसुद्धा फसतात. माझा मामा शेतकरी आहे, तोपण फसला.

आधी पान बघावे. आपण ज्याला लिंबाचे पान म्हणतो, तो खरे म्हणजे पानाचा एक भाग. बाईंनी सांगितले, त्याला पर्णिका म्हणायचे. लांब देठ आणि त्याच्यावरच्या सगळ्या पर्णिका मिळून एक पान होते. खात्री करायची असेल तर देठ फांदीला चिकटतो तिथं नीट बघा. तिथं बारीक डोळा असतो. पर्णिकेजवळ डोळा नसतो.

लिंबाच्या देठाला दोन्ही बाजूंनी सरळ पर्णिकाच लागतात. बकाणाच्या देठाला आधी बारके देठ फुटतात, मग त्यांना पर्णिका येतात. म्हणजे देठाला फाटे दिसले की बकाण. मला ही खूण सगळ्यात सोपी वाटते, कारण फुलाची वाट बघावी लागत नाही. फुले आली तर प्रश्नच नाही. लिंबाची पांढरी, बकाणाची फिकट जांभळी.

खरा घोटाळा फळांचा होतो. लिंबोळी लांबट असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती पिकून पिवळी होते. तिचा गर गोड लागतो, म्हणून पोरं चोखतात आणि बी थुंकतात. बकाणाचे फळ गोटीसारखे गोल असते, पण पिकल्यावर तेही पिवळेच. हिवाळ्यात पाने गळून गेली तरी त्याचे घोस झाडावर लोंबत राहतात. पहिलीतल्या बारक्या पोरांना ते लिंबोळीच वाटणार. पण ते विषारी आहे! खाल्ले तर पोटात दुखते, उलट्या होतात, जास्त खाल्ले तर जिवावर बेतते. पाखरे ते खातात, त्यांचे बघून आपण खाऊ नये. कुणी खाल्लेच तर घरगुती औषधात वेळ न घालवता लगेच दवाखान्यात न्यावे. जाताना दोन-चार फळे संगं घ्यावीत, म्हणजे डॉक्टरांना कळते.

या कागदाखाली मी दोन वाळलेली पाने चिकटवली आहेत. नावे मुद्दाम लिहिली नाहीत. कोणते लिंबाचे आणि कोणते बकाणाचे ते ओळखा. पालकांनीपण ओळखावे.