शिवलेले जहाज : ‘कौंडिण्य’चा अभ्यास



शिप मॉडेलिंगच्या तासाला आपण आराखड्यापासून सुरुवात करतो. वरून, बाजूने आणि समोरून असे तिन्ही आराखडे हाती आल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही, हा मी घालून दिलेला नियम. आज मात्र अशा जहाजाचा अभ्यास करू, ज्याचा एकही जुना आराखडा उपलब्ध नव्हता. ते म्हणजे आपल्या नौदलाचे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’.

चित्रावरून जहाज

अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. तेच ‘कौंडिण्य’चे मूळ. पण चित्रकाराने जहाज एका बाजूने रंगवलेले. त्याची रुंदी किती, पाण्याखालचा भाग कसा, वजन कुठे, हे चित्र सांगत नाही. आणि जहाज सरळ तरंगणार की कलंडणार, हे तर याच गोष्टींवर ठरते.

जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात करार झाला. चित्रात नसलेली मापे नौदलाने अभ्यासाने ठरवली आणि आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात नमुन्याच्या चाचण्या घेऊन ती पडताळली. जहाजाची लांबी सुमारे १९.६ मीटर आणि रुंदी ६.५ मीटर ठरली.

खिळा की टाका?

बांधणी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या चमूने वाफेवर फळ्या वाकवल्या आणि काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. सांध्यांत नारळाचा काथ्या, राळ आणि माशाचे तेल भरले. फळ्या जोडायला खिळा वापरला नाही.

असे का? खिळा ठोकला की लाटेचा सगळा ताण त्या एका भोकाभोवती एकवटतो. शिवणीत तोच ताण अनेक टाक्यांत वाटला जातो आणि जहाजाचे अंग किंचित लवते. शिवाय लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते, तर काथ्या दीर्घकाळ टिकतो. मात्र शिवणीलाही देखभाल लागते. दोरी सैल पडली की पाणी आत आलेच.

शीड, वल्हे आणि वारा

‘कौंडिण्य’ला चौकोनी शिडे आहेत. सुकाणूच्या जागी मोठी वल्ही आहेत. चौकोनी शीड पाठीमागून येणारा वारा उत्तम धरते, पण वाऱ्याच्या विरुद्ध जायला कुचकामी. म्हणून पूर्वीचे नाविक वाऱ्याचा हंगाम पाहूनच नांगर उचलत. हिवाळ्यात ईशान्येचे वारे भारताकडून अरबस्तानाकडे वाहतात. ‘कौंडिण्य’ही २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. त्याआधी, २१ मे २०२५ रोजी, कारवार येथे ते नौदलात दाखल झाले होते.

आपल्यासाठी धडा

रायपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. खारून नदीच्या काठी राहणाऱ्यांनी जहाजाचा अभ्यास का करावा, असे पालक मला विचारतात. माझे उत्तर सरळ आहे. शिवणीची ही विद्या कागदावर नव्हती, हातात होती. बापाकडून मुलाकडे आली म्हणून टिकली. एखाद्या पिढीने शिकायचे सोडले असते, तर नौदलाकडे पैसा असता, प्रयोगशाळा असती, पण फळी शिवणारा माणूस मिळाला नसता. तुमच्या घरी सुतार, विणकर, लोहार कोणी असेल, तर त्यांच्या शेजारी बसा, विचारा आणि वहीत आकृतीसह उतरवून ठेवा.

स्वाध्याय

१. पातळ लाकडाच्या दोन पट्ट्या लहान खिळ्यांनी जोडा, दुसऱ्या दोन भोके पाडून सुतळीने शिवा. दोन्ही जोड सावकाश वाकवा. आधी काय सुटते, कुठे चीर पडते, ते नोंदवा.

२. मस्कतहून परत यायला चौकोनी शिडाचे जहाज कोणत्या हंगामात निघेल? वाऱ्याची दिशा दाखवणारा नकाशा काढा.

३. अजिंठ्यातील जहाजाचे चित्र मिळवा. त्यातून कळणाऱ्या आणि न कळणाऱ्या गोष्टींची यादी करा. दुसरी यादी लांब झाली, तर अभ्यास बरोबर चालला आहे असे समजा.