झाडांची भिंत आणि जमिनीखालचं जंगल

वाळवंट पुढे सरकतं असं आपण शाळेच्या भूगोलात वाचलेलं असतं. मग उपायही सोपा वाटतो, समोर झाडांची भिंत घाला! आफ्रिकन संघाने २००७ साली जवळपास हेच ठरवलं. सहाराच्या दक्षिण कडेने, सेनेगलपासून जिबूतीपर्यंत सुमारे ८००० कि.मी. लांब आणि १५ कि.मी. रुंद झाडांचा पट्टा. नाव 'ग्रेट ग्रीन वॉल'. या प्रदेशाला साहेल म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ किनारा.

कागदावर एकदम झकास. पण पाऊस वर्षातून तीन-चार महिने, तोही लहरी. अशा माळावर लावलेल्या रोपाला पाणी कोण घालणार? शेळ्या कोण हाकलणार? शिवाय तिथली जमीन बहुतेक जागच्या जागीच बिघडते. झाडं तुटली की माती उघडी पडते, वरचा थर वाऱ्या-पावसाने जातो, खालची माती उन्हाने टणक होते. मग पडलेलं पाणी मुरतच नाही, वाहून जातं.

नायजर देशात टोनी रिनॉदो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने १९८० च्या सुमारास रोपं लावून पाहिली. बहुतेक मेली. १९८३ मध्ये त्याच्या लक्षात आलं की शेतातली खुरटी झुडपं ही झुडपं नाहीतच, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटलेले धुमारे आहेत. मुळं खाली जिवंत! मग काम उरलं एवढंच : चार-पाच चांगले धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे आणि राखण करायची. रोपवाटिका नको, टँकर नको. या पद्धतीने नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर २० कोटींच्या आसपास झाडं उभी राहिली.

अडचण तंत्राची नव्हतीच म्हणा ना. कायद्याने झाड सरकारचं होतं, त्यामुळे शेतकरी ते वाढू कशाला देईल? अंमलबजावणी सैल झाली, लाकूड-चारा आपलाच राहणार हे पटलं, तेव्हा लोक राखण करू लागले. शेजारच्या बुर्किना फासोत याकूबा सावादोगो या शेतकऱ्याने टणक जमिनीत खड्डे घेऊन शेणखत भरलं. खताला वाळवी येते, तिच्या बिळांतून पाणी मुरतं! वाळवी उपयोगी पडल्याचं मी तरी पहिल्यांदाच वाचलं.

भिंतीची कल्पना पुढे बदलली. आता गावोगावच्या जमिनींची गोधडी असं तिचं रूप आहे, आणि २०३० पर्यंत १० कोटी हेक्टरचं उद्दिष्ट. २०२१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत देणगीदारांनी १४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कबूल केली. पण हिशोब बघा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अहवालात ठरलेल्या पट्ट्यात सुधारलेली जमीन ४० लाख हेक्टर, आणि आजूबाजूचं धरलं तर सुमारे १ कोटी ८० लाख! आपल्या एन.एस.एस. कॅम्पातही खड्ड्यांचा आकडा त्याच संध्याकाळी मिळतो, जगलेल्या झाडांचा कुणी विचारत नाही. त्यात माली, बुर्किना फासो आणि नायजरमध्ये २०२० ते २०२३ दरम्यान लष्करी उठाव झाले.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक गोष्ट. २०२० साली संशोधकांनी उपग्रहाची चित्रं आणि डीप लर्निंग वापरून पश्चिम सहारा-साहेल भागातली एकेक झाडं मोजली. भरली १८० कोटींहून जास्त. वाळवंटात एवढी असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. लावलेली कुठली आणि बुंध्यातून फुटलेली कुठली, हे मात्र वरून दिसत नाही. त्यासाठी गावातच जावं लागतं.